ऑक्टोबर अखेरची कुपनं

मी कुपन वापरत नाही. आमच्या घरात हा थट्टेचा विषय आहे. सून फोनवर किराण्याची यादी भरताना अर्धा-अर्धा तास बोटं फिरवत बसते, कुठला तरी कोड टाकते, नाही लागला की दुसरा टाकते, आणि शेवटी डाळीवर थोडेफार सुटले की फोन माझ्यासमोर धरते. “पाहा आई, वाचले की नाही?” मी म्हणते, “वाचले बाई.” मॉलमध्ये मला कोणी कागदी कुपन दिलं तर ते मी तिथंच काउंटरवर ठेवून येते. “तुम्हाला पेन्शन जास्त झाली,” असं ती एकदा हसत हसत म्हणाली. म्हणू दे बापडी. एका जन्मात माणसानं किती कुपनं सांभाळावीत यालाही काही हद्द असते, आणि माझी हद्द नववीतच संपली. त्यानंतर एकदाच वापरलं, ते शेवटी सांगते.

तेव्हा आम्ही बाभुळगावला राहत होतो. बाबा शाळेत कारकून होते. दोन खोल्या, मागे न्हाणी, न्हाणीच्या भिंतीला टेकून एक सीताफळाचं झाड, आणि समोर इतकी अरुंद गल्ली की समोरच्या कुंदामावशींनी फोडणी घातली की ठसका आम्हाला लागायचा. सकाळ व्हायची ती स्टोव्हला पंप मारण्याच्या आवाजानं. मग बाबांचं घसा खाकरणं, मग बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीचा हॉर्न, मग गल्लीतल्या नळावर पाणी भरायच्या पितळी गुंडांची खडखड. जेवण रोज तेच. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, नाहीतर बेसन, आणि उन्हाळ्यात कांदा. तेल आई पळीनं घालत नसे, चहाच्या चमच्यानं घाले. कढईला लागलेलं तेल ती भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची आणि तो तुकडा स्वतः खायची. तिला तसलं खरपूस आवडतं असं मी कित्येक वर्षं समजत होते.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास चहाच्या एका कंपनीनं योजना काढली. पाव किलोच्या प्रत्येक पुड्यात आत एक लाल कुपन. कुपनं जमवली की त्याच कंपनीचा दुसरा माल फोकट. पाच कुपनांना साबणाची वडी, वीस कुपनांना वनस्पती तुपाचा किलोचा डबा, आणि ऐंशी कुपनांना फल्लीतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, मोठा पिपा. बदलून द्यायचं काम चौकातल्या मोतीशेठच्या दुकानाकडे होतं, आणि पिप्याचं चित्र त्यांनी काउंटरच्या वर असं लावलं होतं की मीठ घ्यायला गेलेल्या बाईलाही ते दिसावं. ताईचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. उन्हाळ्यात लग्न, म्हणजे येत्या दिवाळीला जावयाचा पहिला सण. आईनं त्या चित्राकडे पाहून तिथंच हिशेब मांडला असणार. डाळ काकांच्या वावरातून येते, साखर रेशनची साठवता येते, प्रश्न राहतो तेल-तुपाचा. एक पिपा आणि दोन किलो तूप. एकशेवीस कुपनं.

आता आमच्या चार माणसांच्या घरात वर्षाला एकशेवीस पुडे चहा कुठून संपणार? तरी आईनं कसूर केली नाही. त्या वर्षी चहा इतका झाला की बाबांना पित्ताचा त्रास सुरू झाला. “अवो, आता पुरे कर, छाती जळून राह्यली माही,” ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, “अर्धाच कप घ्या, पुडा संपाले आला.” बाकीची कुपनं गोळा करायचं काम माझं. गल्लीतल्या बायका पुडा फोडला की कुपन बाजूला काढून ठेवत. कुंदामावशी तर खिडकीतूनच माझ्या अंगावर फेकायच्या. पण खरी भरती व्हायची ती करीमचाचांच्या हॉटेलातून. बसस्टँडजवळ त्यांची चहाची टपरी, तिला आम्ही हॉटेलच म्हणायचो. रोज पुडे फुटायचे. चाचा कुपनं एका तारेत खोचून ठेवत आणि मी शाळेतून येताना दिसले की हाक मारत, “ले बेटी, तेरी माँ की लाटरी.” तिथं आमच्या वर्गातली पोरं उभी असायची. दोन महिन्यांत माझं नाव ‘कुपन’ पडलं. गणिताच्या तासाला फळ्याजवळ गेले तरी मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, “ए कुपन.”

मी आईला सांगितलं, मी नाही जाणार. तिनं भांडी घासता घासता विचारलं, “काहून?” मी कारण सांगितलं. ती म्हणाली, “नाव पडलं तं पडू दे. अंगाले भोकं पडते का त्यानं?” संपला विषय. कुंदामावशींच्या सासऱ्यांची तेरवी झाली तेव्हा आचाऱ्याच्या चुलीमागे चहाचे रिकामे पुडे पडले होते. आत बायका रडत होत्या आणि मी वाकून पुड्यांच्या आत हात घालत होते. सात कुपनं मिळाली. ती ओली होती, चहाची पत्ती चिकटलेली. घरी आल्यावर आईनं पाठीवरून हात फिरवला, पण मला तो हात नको होता, इतकी मी थकले होते. चौदा वर्षांच्या मुलीनं थकले म्हणू नये, पण मी थकले होते, हे खरं आहे.

ओली कुपनं वाळवून, फडक्यानं पुसून, आई बाबांच्या गादीखाली सपाट करायला ठेवायची. दहा-दहाचा गठ्ठा, त्याला शिवणाचा दोरा. बाबा म्हणायचे, “जग पैशावर झोपते, मी तेलाच्या पिप्यावर झोपून राह्यलो.” आईला त्यावर हसू यायचं. ती चौथी शिकलेली, मराठी चांगली वाचायची, पण कुपनावर सगळं इंग्रजी होतं. म्हणून इंग्रजीचा कारभार माझ्याकडे. औषधाची बाटली, मनीऑर्डरचा कागद, दुकानातून आलेल्या डब्यावरचं बारीक अक्षर, सगळं ती माझ्यापुढे धरायची. “वाच बरं सुमे.” मी वाचायची आणि ती पूर्ण विश्वासानं मान हलवायची. त्या विश्वासाचा तेव्हा मला कंटाळा येई.

ताईचं लग्न झालं. तिला ढाणकीला दिली. त्यांचं आडतीचं दुकान, घरात सुबत्ता. लग्नात त्यांनी काही मागितलं नाही, आणि मागितलं नाही हे ते भेटतील तेव्हा सांगायचे. ताईच्या सासूबाईंचं वाक्य ठरलेलं होतं, “आमाले काही नको बाप्पा, फक्त सणवार रीतीनं झाले पाह्यजे.” आणि त्याच वर्षी अधिक महिना आला. श्रावणाच्या आधी आणखी एक श्रावण. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. नवीन जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, कपडे करायचे. ते टाळता येत नाही. भाऊजी आले, जेवले, कौतुक करून गेले. माणूस वाईट नव्हता, मोकळा होता. पण घरात होतं नव्हतं ते त्या एका जेवणात गेलं. दिवाळीचा ॲडव्हान्स मिळायचा तो ताई-भाऊजींच्या कपड्यांना आधीच वाटून ठेवलेला. बाबा डोक्याला हात लावून बसले तेव्हा आई म्हणाली, “जाऊ द्या. दिवाळीचं मले काही वाटत नाई. माहं तेल-तूप तुमच्या गादीखाली हाय.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकशेविसावं कुपन आलं. करीमचाचांनी ते मला देताना सलाम ठोकला. संध्याकाळी आईनं सगळे गठ्ठे पुढ्यात घेतले. मी भूमितीचं प्रमेय पाठ करत होते. तिनं एक कुपन माझ्या वहीवर ठेवलं. “सुमे, वाच बरं. कवापर्यंत चालते हे?” मी पाहिलं आणि सांगितलं, “ऑक्टोबर अखेरपर्यंत.” “म्हणजे दिवाळीपर्यंत ना?” मी मान वर केली नाही. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात झाली होती एवढं मला आठवत होतं, आणि मला ते प्रमेय संपवून झोपायचं होतं. मी म्हटलं, “हाव.”

बस्स, एवढंच. भिंतीवर माझ्या डोक्यापासून दोन हातांवर कॅलेंडर होतं. आई तरी का उठली नाही, असं मी पुढं स्वतःला अनेकदा विचारलं. तिचे सण तिथीवर चालायचे आणि बाबांचा पगार तारखेवर. या दोघांची गाठ घालायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ती माझ्या भरवशावर होती. आणि ती लगेच दुकानात का गेली नाही, तर तेल घरात आलं की उडतं, वनस्पती तुपाला पोरगी चमचा लावते, असं ती म्हणायची. पण खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. धनतेरसेच्या दिवशी भरल्या दुकानात, चार बायकांसमोर, तिला तो पिपा उचलून आणायचा होता. वर्षभर मागून मागून गोळा केलेलं, ते एकदा ताठ मानेनं घ्यायचं होतं.

अधिक महिना आला की दिवाळी पुढं जाते. त्या वर्षी ती नोव्हेंबरात, बरीच आत गेली होती.

धनतेरसेला आई जांभळं लुगडं नेसून निघाली. पिपा धरायला मला बरोबर घेतलं. मोतीशेठच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं बारा गठ्ठे काउंटरवर ओळीनं मांडले. मोतीशेठनं वरचं एक कुपन उचललं, चष्मा वर केला, आणि त्यांचा चेहराच उतरला. “वहिनी, हे तं संपलं न. एकतीस तारखेपर्यंत होतं. कंपनीचा माणूस आलता, सगळा हिशेब घेऊन गेला तो.”

“दिवाळीपर्यंत हाय ना?” आई म्हणाली.

“दिवाळी नाई लिहेल वहिनी. हे पाहा, ऑक्टोबर. मी येईल त्या बाईले सांगून राह्यलो होतो. तुमी मधात आल्याच नाई.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. डब्याला कुलूप आहे म्हणून भरवशानं ठेवावं आणि कुलूप नुसतंच अडकवलेलं निघावं, तसं पाहिलं. मागं कोणीतरी बाई म्हणाली, “अवो, सरका ना जराशा.” आईनं बारा गठ्ठे पिशवीत परत भरले, एकही मागे ठेवला नाही. मोतीशेठ म्हणाले, घेऊन जा पिपा, मग पाहू. ती म्हणाली, “नाई दादा, असं नाई नेत मी.” रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, “या धोंड्याच्या महिन्यानं पैसे बी खाल्ले आन् कुपनं बी खाल्ली.” मला वाटलं ती आता मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बाबांनी पिशवी पाहिली आणि त्यांना कळलं. “तारीख कोणं वाचली होती?” त्यांनी विचारलं. आई चप्पल काढत होती. ती म्हणाली, “कोणं वाचाव? मीच इचारलं नाई कोणाले. माहंच डोकं फिरलं होतं.” बाबा तिला बरंच बोलले. चौथी शिकलेल्या बाईनं हुशारी करू नये इथपर्यंत बोलले. मी दारात उभी होते आणि ते सगळं मी तिला ऐकू दिलं. आईनंही माझ्याकडे पाहिलं नाही. दोन दिवसांनी ताई-भाऊजी यायचे होते आणि घरात तेल होतं ते चमच्यानं मोजण्याइतकं.

मग आईनं काय केलं ते सांगते. गल्लीत दिवाळीचा फराळ बायका मिळून करायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आईच्या हातच्या करंजीला आणि शेवेला मोठं नाव होतं. एरवी ती दोन-तीन घरी तासभर बसून यायची. त्या वेळी ती आठ घरी गेली. पहाटे पदर खोचून निघाली आणि दिवे लागेपर्यंत या घरातून त्या घरात, कुठं करंज्या लाटल्या, कुठं शेव गाळली, कुठं चकल्या तळल्या. घरातून निघताना जो वानोळा हातात ठेवतात, तो तिनं एरवीसारखं “कायले, राहू द्या” न म्हणता घेतला. प्रत्येक घरचा ताटलीभर. आणि कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून मला झाडावर चढवून सीताफळं काढायला लावली. आठ ताटल्या, आठ घरं, प्रत्येक ताटलीत दोन सीताफळं. कुंदामावशींनी ताटली घेताना माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “तुह्या मायले म्हण, अजून लागलं तं सांग.” म्हणजे गल्लीला कळलंच होतं. रात्री आई मनगटाला खोबरेल लावत बसली होती, तळणाचे थेंब उडून फोड आले होते. मी जवळ गेले तर म्हणाली, “जा, झोप तू.”

भाऊजी आले, अभ्यंग झालं, फराळाचं ताट समोर आलं. ताट भरलेलं होतं, आईनं त्यात काही कमी ठेवलं नव्हतं. भाऊजी एक करंजी खाऊन दुसरी उचलून हसले. “आई, तुमची कमाल हाय. या करंजीत खोबरं, दुसरीत खसखस, अन् तिसरीत नुसता रवा. चिवड्यात बी दोन रंगाच्या फल्ल्या. किती घरचा फराळ हाय हा?” त्यांनी थट्टाच केली होती. पण बाबा पानाच्या डब्याकडे पाहू लागले. ताईनं आईच्या हातांवरचे फोड पाहिले, आणि घाईघाईनं म्हणाली, “आमच्या गल्लीची रीतच हाय तशी. पहिल्या सणाले प्रत्येक घरून थोडं थोडं येते.” भाऊजींना ते फार आवडलं. ढाणकीला जाऊन त्यांनी ते कौतुकानं आपल्या आईला सांगितलं. आणि ताईच्या सासूबाई पुढची वीस वर्षं, प्रत्येक दिवाळीला, “तुह्या माहेरची मागून आणलेली दिवाळी” असं म्हणत राहिल्या. ताईनं ते मला खूप उशिरा सांगितलं. सांगताना ती हसत होती. मी नाही हसले.

आईनं मला त्या दिवसानंतर कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त मला वाचायला देणं बंद केलं. खोकल्याची बाटली आली की ती कंपाउंडरकडे घेऊन जायची आणि त्याच्याकडून वाचून आणायची. शेजारचा पोरगा घरी असला तर त्याला हाक मारायची. मी पुढे शिकले, बीए केलं, बीएड केलं, तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं. लोक यवतमाळात माझ्या घरी येऊन कोर्टाची नोटीस, बँकेचं पत्र, मुलाच्या नोकरीचा कागद माझ्यापुढे ठेवायचे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडेच राहायला आली. बाबांच्या पेन्शनचे कागद तिनं माझ्या नवऱ्याकडून वाचून घेतले, नंतर नातवाकडून. मी त्याच खोलीत बसलेली असायची. तिच्या मनात राग होता असं मला वाटत नाही. भरवसा मोडला तो मोडला. आणि मी कधी “आई, तेव्हा मीच हाव म्हटलं होतं” असं बोलले नाही, कारण ते तिला माहीतच होतं.

मागच्या वेळी पुन्हा अधिक श्रावण आला, त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. गणपती होऊन गेले होते. सून मॉलमधून सामान घेऊन आली आणि पिशव्या ओट्याजवळ ठेवून पोरीला क्लासला सोडायला गेली. मुलगा ऑफिसात, नवरा बाहेर गेलेला. घरात आई आणि मी. आईला पिशव्या उलगडायची हौस फार. एका पिशवीतून बिलासोबत टाचलेला कागद निघाला. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी अक्षर लागत नव्हतं. तिनं तो कागद बोटांनी चाचपला, उलटा केला, दारापर्यंत जाऊन कोणी येतंय का पाहिलं. मग परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“कुपन हाय का वो हे?”

“हो आई. लिटरभर तेल फुकट आहे.”

तिनं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग कागद माझ्या हातात दिला. “वाच बरं सुमे. कवापर्यंत चालते?”

मी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. “ऑक्टोबर अखेरपर्यंत.”

“म्हणजे दिवाळीपर्यंत ना?”

मी उठले. गुडघे दुखतात, तरी उठले. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिच्यापुढे आणलं, पानं उलटली, आणि तिचं बोट धरून दिवाळीच्या चौकटीवर ठेवलं. “नाही आई. यंदा अधिक महिना आहे. दिवाळी नोव्हेंबरात गेली. हे आधीच संपते.”

“हाव ना,” ती म्हणाली. “मंग दसऱ्याच्या आतच आणून टाक.” कुपन तिनं माझ्याकडून परत घेतलं, दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला, आणि आपल्या गादीखाली ठेवलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी ते घेऊन रांगेत उभी राहिले. घरी येऊन बाटली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली आणि विचारलं, “फोकट देली?”

“हाव आई,” मी म्हटलं. “फोकट.”